आर्वो कोस्की, अविवाहित

टू हार्बर्स, मिनेसोटा
रविवार, ९ ऑक्टोबर १९८३

श्री. आर्वो कोस्की (अविवाहित) यांस,

नमस्कार घालायचा की नाही हे अजून ठरलेलं नाही, तेव्हा तो राहू दे.

आज चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी तुझ्या सख्ख्या बहिणीने, साइमीने, चाळीस माणसांदेखत मला विचारलं, "आयली, तुमचं मोडलं कधी गं?" मला वाटलं, धुण्याच्या मशीनबद्दल विचारते आहे. मी म्हटलं, "मोडलं नाही, नुसतं खडखडतंय. आर्वो जानेवारीत घरी आला की बघेल." सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग साइमीने खुलासा केला.

तिची लेक ज्युडी डुलूथला तुमच्या कंपनीच्या पगारखात्यात लागली आहे हे तुला माहीत आहेच. तिला जुनी कपाटं लावायला बसवलंय. त्यात तिला तुझा फॉर्म सापडला, पगारातून कर किती कापायचा यासाठी तुम्ही दर वसंतात भरून देता तो. त्यावर लग्नाबद्दल चौकोन असतात म्हणे, आणि तुझी खूण "अविवाहित"वर आहे. ज्युडीने हे घरी सांगायला नको होतं आणि साइमीने चर्चमध्ये सांगायला नको होतं. पण तुझ्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे काय मी तुला सांगायला हवं?

आपल्या लग्नाला बावीस वर्षं झाली. पास्टर होते, साक्षीदार होते, तुझ्या काकाने केकवर पडून केक चेपला होता त्याचा फोटो आहे. मग त्या चौकोनात मी का नाही? ती कोण आहे, क्लीव्हलंड बंदरातली की टोलीडोची, एवढंच लिही. पत्रच लिही. रेडिओफोन करू नकोस, त्यावर अख्खं सरोवर ऐकत असतं.

संध्याकाळी हिल्मा नायमन ट्यूना माशाची हॉटडिश घेऊन आली, भट्टीत भाजलेलं भांडंभर जेवण. आपल्याकडे कुणी गेलं की आणतात तशी. तू मेलास की पळालास हे तिला नक्की कळलं नव्हतं, म्हणून दोन्हीला चालेल अशी आणली असावी.

तुझी (कागदोपत्री कुणीच नाही)
आयली

*

'एल्मर ब्रँट' बोट, डेट्रॉइट नदी
१६ ऑक्टोबर

प्रिय आयली,

तुझं पत्र आज टपालाच्या होडीने बादलीत घालून वर पाठवलं. मी ते जेवणाच्या टेबलावर उघडलं ही चूक झाली, कारण पाकिटावरचा "अविवाहित" सगळ्यांनी आधीच वाचला होता. स्वयंपाक्याने मला "नवरदेव" म्हणत दोनदा बटाटे वाढले.

अगं, किती साधी गोष्ट आहे! फॉर्म भरत होतो तेव्हा बोट हलली. लाट आली आणि पेन्सिल सटकली. चौकोन जवळजवळ असतात आणि फार बारीक छापतात, सरकारला कागद वाचवायचा असतो. नजरचूक म्हणतात ती हीच. ना क्लीव्हलंड, ना टोलीडो. टोलीडोत तर मी फक्त एकदा उतरलो, दात काढायला.

हवा बरी आहे. काल वाटाण्याचं सूप होतं. इंजिनरूममधल्या एकाच्या पायावर पाना पडला, पण पाना ठीक आहे. मशीन खडखडत असेल तर खाली लाकडाची चीप सरकवून बघ.

साइमीकडे लक्ष देऊ नकोस.

तुझाच
आर्वो

*

टू हार्बर्स
२४ ऑक्टोबर

आर्वो,

तू सुकाणू धरतोस. सातशे फुटांची बोट तू भिंतीला न घासता सू गावच्या अरुंद जलद्वारातून नेतोस, आणि याचं कौतुक मी हजार वेळा ऐकलंय, बहुतेक वेळा तुझ्याच तोंडून. अशा माणसाचा हात एका चौकोनाने चुकला? बरं, चुकला म्हणू. मी ज्युडीला फोन केला. आता बोभाटा झालाच आहे, मग अर्धा कशाला? तिने कपाट पुन्हा उघडलं. १९६६ पासून अठरा फॉर्म आहेत, अठरांवर तीच खूण. सगळे मार्च महिन्यातले. मार्चमध्ये तुझी बोट धक्क्याला बांधलेली असते आणि भोवती तीन फूट बर्फ असतो. ती लाट आली कुठून, ते सांग.

इकडची खबर अशी की आतापर्यंत सात हॉटडिश आल्या. आणि भांडं रिकामं परत करता येत नाही, म्हणून मी रोज शाळेच्या स्वयंपाकघरातून आल्यावर वेलदोड्याचा गोड पाव, आपला पुल्ला, भाजते आहे. लोणी संपलं. तुझ्या ब्रह्मचर्यापायी आठवड्यात दोन पौंड लोणी गेलं.

ऑन्नी पेल्टोला शनिवारी येऊन गटार साफ करून गेला. मी बोलावलं नव्हतं. वीस वर्षं शेजारी राहतोय, त्यात त्याने मला एकंदर तीस शब्द ऐकवले असतील. त्या दिवशी म्हणाला, "माझ्याकडे बर्फ उडवायचं यंत्र आहे." एवढंच म्हणाला आणि टोपी काढून उभा राहिला. हसावं की रडावं कळेना.

आता नीट ऐक. कंपनीच्या लेखी तू एकटा आहेस ना? मग जानेवारीत बोट लागली की एकट्या माणसाने जिथे राहायचं तिथे राहा. मॅटसनच्या दारूच्या गुत्त्यावर एक खोली आहे, आठवड्याने मिळते. चादरी आपल्या आपण आणायच्या. खरं सांगायचं असेल तर आधी सांग, नाहीतर तुझे लोकरी पायमोजे मी तिकडे पोचते करते.

आयली

*

'एल्मर ब्रँट', डेट्रॉइट नदी
१ नोव्हेंबर

आयली,

शनिवारी आम्हाला अचानक टू हार्बर्सलाच खनिज भरायला वळवलं हे तुला कळलं असेलच, बोटीचा भोंगा तुझ्या खिडकीला ऐकू जातो. मला दोन तास मिळाले. मी टेकडी धावत चढलो, या वयात. आणि आपलं दार बंद होतं! बंद म्हणजे उघडेनाच. आपल्या दाराला कुलूप आहे हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं.

ऑन्नी शिडीवर होता, हिवाळ्याच्या जादा खिडक्या बसवत. माझ्या खिडक्या! दर वर्षी तू म्हणतेस "राहू दे, मी बसवते", आणि मीही राहू देतो, ते वेगळं. त्याने वरून मला विचारलं, "आयली नाहीये. काही निरोप?" माझ्याच घरापुढे, मला! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी म्हटलं, "निरोप असा की तिचा नवरा येऊन गेला." त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "कोणता?"

मी परत धक्क्यावर गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. कॅप्टनच्या हाताखालच्या फर्स्ट मेटला सांगितलं, खनिजाची धूळ गेली.

तर आता खरं. बाई नाही, आयली. त्याहून वाईट आहे.

आठवतं, दर मार्चमध्ये मी तुला टेबलाशी बसवतो, डोळे मिटायला लावतो आणि तुझ्या कपाखाली सरकारचा चेक ठेवतो? कराचा परतावा. आणि मी म्हणतो, "घे, यंदाही सरकारच्या मुठीतून काढला." तू साइमीला सांगतेस, "आमच्या आर्वोला करातलं फार कळतं." मला काहीही कळत नाही. फॉर्मवर "अविवाहित" म्हटलं की पगारातून कर जास्त कापतात, एवढीच ती युक्ती. मग फेब्रुवारीत आपण दोघांचं मिळून विवरण भरतो, त्यात आपण नवराबायको असतो, तूच सही करतेस. सरकार बघतं की यांचा कर जास्त कापला गेलाय आणि जास्तीचं परत धाडतं. तो चेक म्हणजे माझाच पगार होता, आयली. फिरून आलेला.

हे मला बोटीवरच्या म्हाताऱ्या हॅल्वरसनने शिकवलं, पहिल्याच मोसमात. तो म्हणायचा, "पोरा, इतर नवरे रोज संध्याकाळी घरी जातात, रिकाम्या हाताने गेले तरी चालतं. आपण वर्षातून एकदा जातो, आपल्या हातात काहीतरी हवं." बोटीवरचे निम्मे लोक असंच करतात. मी वर्षभर वाटाण्याचं सूप खातो आणि त्या एका सकाळची वाट बघतो. त्या सकाळी तू डोळे उघडतेस ना, तेव्हा मला वाटतं की या घरात मी कुणीतरी आहे.

आता काय ते तू ठरव.

आर्वो

*

टू हार्बर्स
शनिवार, १२ नोव्हेंबर

आर्वो,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हायसं वाटलं. दुसऱ्यांदा असा संताप आला की पुल्ल्याचं पीठ मी गरजेपेक्षा जास्त मळलं. पुल्ला विटेसारखा झाला. तो हिल्माच्या भांड्यात घालून दिला.

म्हणजे माझ्याच विहिरीचं पाणी मला ओंजळीने पाजलंस आणि वर उपकार! अठरा वर्षं! अरे, मी देवाचे आभार मानले आहेत त्या चेकबद्दल. मोठ्याने, चर्चमध्ये उभं राहून. १९७४ साली कोट फाटला तेव्हा मी आतून अस्तर लावून तोच घातला, कारण ऑक्टोबरात हात आखडता होता. आणि मार्चमध्ये आपण त्या चेकने कोच घेतला. तो कोच म्हणजे माझा कोट आहे, आर्वो! मी नऊ वर्षं माझ्या कोटावर बसते आहे. तू बाई ठेवली असतीस तर निदान ती तरी थंडीने काकडली नसती.

आणि सरकारदरबारी फेब्रुवारीत एक दिवस आपण नवराबायको, बाकी वर्षभर तू मोकळा! तेही त्या कागदावर माझीच सही. तू "इथे" म्हणायचास आणि मी इथे करायची, वाचलं कधी नाही. ती चूक माझी, ती मी कबूल करते. पुन्हा होणार नाही.

साइमीला मी स्वतःच सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा. तर ती हसून हसून खुर्चीवरून घसरली. म्हणाली, "हात्तिच्या, म्हणजे तुझा नवरा बदफैली नाही, नुसता बावळट आहे." मी तुझी बाजू घेतली आणि उठून आले. का घेतली ते मला विचारू नकोस.

दुसरं. आपल्या दाराला कुलूप नाही. त्या दिवशी मी आत होते, दाराला खुर्ची लावून. तू टेकडी चढताना मला दिसलास. टोपी हातात होती आणि मफलर नव्हता. मी खुर्चीवर बसून राहिले आणि तू तीनदा ढकललंस तेव्हा तिन्ही वेळा मी खुर्चीसकट हलले. ऑन्नीला "नाही म्हण" असं मीच सांगितलं होतं. "कोणता" हे मात्र त्याने आपल्या मनाने लावलं.

खोलीचं ठरलंय ते ठरलंय. मॅटसनने पहिली तारीख धरली आहे. फसवलं गेलं की माणसाला कुठेतरी पाय रोवावा लागतो.

रेडिओवर सांगताहेत की वरच्या सरोवरात वारा साठ मैलांचा आहे. तू पलीकडे पोचलास की दोन ओळी टाक. भांडण नंतर करू.

आयली

*

'एल्मर ब्रँट', डेट्रॉइट नदी
२० नोव्हेंबर

प्रिय आयली,

पोचलो. लाटा सुकाणूघराच्या काचांवर येत होत्या. एक सांगतो, त्या रात्री खरंच पेन्सिल सटकली असती.

सोबत नव्या फॉर्मची नक्कल आहे. मूळ कंपनीकडे गेला. "विवाहित"वर खूण केली आहे. फर्स्ट मेट म्हणाला, साक्षीदार लागत नाही. मी म्हटलं, माझ्या बायकोला लागेल. म्हणून मागच्या बाजूला एकवीस सह्या आहेत, कॅप्टनपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत. स्वयंपाक्याने सहीखाली "हा माणूस फार विवाहित आहे" असं लिहिलंय, ते मी खोडलं नाही.

आता दर पगाराला घरी थोडे जास्त येतील. येत्या मार्चनंतर कपाखाली ठेवायला काही नसेल, ते मी सोसेन. कोट घे. लाल घेतलास तर धक्क्यावरून दिसेल.

मॅटसनच्या खोलीत राहीन, तक्रार नाही. फक्त एवढं कळव की खिडकी कोणत्या बाजूला आहे. टेकडीच्या बाजूला असेल तर आपला धूर दिसतो. आणि शनिवारी आपल्या साउनात वाफ घ्यायला यायला एकट्या माणसाला परवानगी आहे का? ऑन्नीला असेल तर मलाही असावी.

तो यंत्राबद्दल पुन्हा काही बोलला का?

आर्वो

*

टू हार्बर्स
रविवार, १८ डिसेंबर

आर्वो,

नमस्कार. घालून टाकला एकदाचा.

तुझे जास्तीचे पैसे आले, दोन पगारांचे. कुठे गेले विचारशील तर मला सांगता यायचं नाही. आले तसे गेले. थोडं लोणी, थोडी वेलची, ज्युडीच्या वाढदिवसाला काहीतरी, आणि एकदा मी आणि हिल्मा डुलूथला जाऊन ॲपल पाय खाल्ला, त्यात दालचिनी जास्त होती. कोट घ्यायला गेले तर पर्समध्ये कोटाच्या एका बाहीपुरते निघाले. तेव्हा मी दुकानातच उभी राहून म्हटलं, त्या हॅल्वरसनला काहीतरी कळत होतं. दात कोरून पोट भरत नाही. पण हे मी तुला सांगितलं म्हणून मिरवू नकोस.

ऑन्नी आला होता, टाय लावून. म्हणाला, "मी यंत्राचं बोललो होतो." मी म्हटलं, "ऑन्नी, माझा नवरा विवाहित आहे. एकवीस सह्या आहेत." त्याला नक्कल दाखवली. त्याने सगळ्या सह्या वाचल्या, कॉफी प्याला आणि म्हणाला, "बरं झालं. माझं यंत्र तसं बिघडलेलंच आहे." मला वाटतं त्याला पुल्ला हवा होता. एक दिला.

मग मंगळवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मी बसने डुलूथला गेले, थेट तुमच्या पगारखात्यात. ज्युडी घाबरली. मी म्हटलं, "मला काही बघायचं नाही, मला एक कोरा फॉर्म दे. आणि चष्मा पुसायला रुमाल." बाकावर बसून मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. पाऊण तास लागला. आर्वो, तिथे तीन चौकोन आहेत! तीन! पहिला अविवाहितांचा, दुसरा विवाहितांचा आणि तिसरा असा: "विवाहित, पण कर अविवाहिताच्या चढ्या दराने कापावा." म्हणजे तुला हवी तीच सगळी युक्ती, तेवढीच कापणी, तेवढाच परतावा, आणि वर बायकोसुद्धा! तू अठरा वर्षं पहिल्या चौकोनावर थांबलास, पुढचं वाचलंच नाहीस. आणि मी सही करताना काहीच वाचलं नाही. आपण एकमेकांना शोभतो.

मी ते वाचून हसले, इतकी की ज्युडीने पाणी आणलं. मग हसता हसता रडू आलं. विवाहित, पण एकटीच्या दराने. नऊ महिने मी खिडक्या एकटीने बसवते, वाऱ्याच्या बातम्या एकटीने ऐकते, अर्धा पुल्ला शिळा होतो. मला वाटायचं हे फक्त मलाच माहीत आहे. तर सरकारने त्याचा चौकोन छापून ठेवलाय. मला तुझ्यावर राग चेकचा नव्हता रे. वर्षभर तुझं नाव सांगत मी गावात फिरते आणि तू एका बारीकशा चौकोनात मला घेतलं नाहीस, याचा होता. तो आता गेला. कोटाचा थोडा बाकी आहे.

मार्चमधली ती सकाळ मला हवी आहे. तुझ्याइतकीच हवी आहे, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. चेक कपाखाली ठेव. पण मी डोळे मिटणार नाही, आणि आधी कोट, मग बाकीचं.

मॅटसनकडची खोली दुसऱ्या कुणाला दिली.

फॉर्म सोबत आहे. तिसऱ्या चौकोनावर खूण मी केली आहे, शाईने, म्हणजे लाट आली तरी हलायची नाही. खाली तुझी सही हवी. ती करून पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझी
आयली